नदीच्या वरच्या अंगाला

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. यंदा पाऊस शाळेच्या आधीच येऊन बसला आहे. २४ मेला केरळात आणि २६ मेला थेट मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर मोसमी पाऊस पोचल्याची नोंद १९५० पासून नाही.

नववीच्या वर्गात विचारलं, हवामानबदल म्हटलं की काय आठवतं? फळ्यावर उत्तरं लिहीत गेले. बर्फ वितळतो. पांढरं अस्वल. ओझोन. दिल्लीचा धूर. सगळी उत्तरं लांबची. कृष्णा नदी आमच्या वाईच्या शाळेपासून चालत काही मिनिटांवर आहे, ती कोणालाच आठवली नाही. मग मागच्या बाकावरचा कवठ्याचा मुलगा उठला. "बाई, आमच्याकडं यंदा वाफसाच नाही झाला. मे महिन्यात नांगरट राहिली. आबांनी सोयाबीनचं बी आणून ठेवलंय, पण रानात कुळव चालत नाही."

त्याचं वाक्य फळ्याच्या मधोमध लिहिलं आणि बाकीची उत्तरं त्याच्याभोवती राहू दिली. तीही पर्यावरणाचीच आहेत. पर्यावरण हा विषय सर्व इयत्तांना शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये बजावलं. नंतर आपल्याकडे 'जलसुरक्षा' हा विषयही आला. पुस्तकं आहेत, उपक्रमाच्या वह्या आहेत. मला हवं आहे ते एवढंच, की वाईच्या मुलाला या विषयाची सुरुवात स्वतःच्या रानापासून आणि स्वतःच्या आळीपासून सापडावी.

२१ जून, शनिवार

बाटल्या कापल्या. सरळ बाजूंची बाटली घ्यायची, वरचा गळा कापून उलटा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून आधी थोडं पाणी ओतून त्या पातळीला शून्य धरायचं. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे सूत्र सगळ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

बाटल्या कुठे कुठे बसल्या: वाईत गंगापुरीला आणि सोनगीरवाडीला, पसरणीला, ओझर्ड्याला, कवठ्याला, भुईंजला. वरच्या खोऱ्यात वयगावला आणि जोरला. जोरची मुलगी वाईत मामाकडे राहून शिकते, म्हणून तिची बाटली घरी तिचा धाकटा भाऊ वाचणार आणि फोनवर सांगणार. रेंज असेल तेव्हा, असं ती लगेच म्हणाली. ते मी वेगळ्या रकान्यात लिहून घेतलं.

२८ जून, शनिवार

आठवडाभराची वाचनं नकाशावर मांडली आणि वर्गात गलका झाला. एकच तालुका, एकच ढग; पण वरच्या खोऱ्यातली बाटली भरून वाहिली आणि भुईंजच्या बाटलीचा नुसता तळ ओला. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. पुढे फलटण-माणकडे पाचशेच्या घरात. एस.टी.च्या दोन-तीन तासांच्या प्रवासात माणूस देशातल्या अतिशय ओल्या मुलखातून कोरड्या मुलखात उतरतो. सह्याद्री ढगाला उभा अडवतो, वर ढकलतो, तिथेच पिळून घेतो आणि उरलेली हवा पूर्वेला सोडतो. हे पुस्तकात 'पर्जन्यछाया' म्हणून आहेच. आज ते मुलांच्या स्वतःच्या हातच्या आकड्यांतून दिसलं.

यामुळे आमच्या वर्गात एक गोष्ट आपोआप जुळून आली आहे. पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीला पावसाची भीती वाटते आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा पावसाची वाट बघतो. एकीच्या घरी डोंगर खचेल का ही चिंता, दुसऱ्याच्या घरी उन्हाळ्यात विहीर आटेल का ही. दोघांना एकमेकांचं ऐकायला लावणं हे यंदाचं काम.

१२ जुलै, शनिवार

वर्ग नदीच्या घाटावर नेला. भीमकुंड, ब्राह्मणशाही, रामडोह, गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी अशी सात घाटांची नावं मुलांना कृष्णाबाईच्या उत्सवामुळे पाठ आहेत. उत्सवात आपल्या घाटाचा मान किती याचा त्यांना अभिमान आहे. आज मी त्यांना घाटाच्या पायऱ्या पुरासाठी वाचायला सांगितल्या.

ढोल्या गणपतीच्या देवळाला आम्ही समोरून नमस्कार केला आणि मग मागे गेलो. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ नदीच्या अगदी पात्रालगत बांधलं. पाठीमागची भिंत सरळ नाही. माशाच्या आकारात ती पुढे निमुळती होत गेली आहे, आणि ती टोकदार बाजू येणाऱ्या प्रवाहाकडे. पूर येतो तो या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. भिंतीवर त्याचा सगळा भार येत नाही. मुलं कितीतरी वेळा इथे आलेली, पण पाठीमागे जाऊन भिंत हातानं चाचपायला आजच गेली. एकीनं विचारलं, "बाई, म्हणजे त्यांना ठाऊक होतं पाणी इथवर येणार?" ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी देव नदीपासून लांब नेला नाही आणि नदीला अडवलंही नाही. तिला वाट करून दिली. पेशवाईतल्या त्या गवंड्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, पण मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

तिथेच पूररेषेचा धडा घेतला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. मुलांचा समज असा, की एकदा मोठा पूर येऊन गेला म्हणजे पुढची शंभर वर्षं निवांत. (मोठ्या माणसांचाही हाच समज असतो, आणि त्यावर घरं बांधली जातात.) घाटाच्या पायरीवर खडूनं हिशेब केला. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. तो न येण्याची शक्यता दर वर्षी ०.९९. तीस वर्षं तो न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे ०.७४. उरले शंभरात २६. तुम्ही चाळिशी-पंचेचाळिशीचे होईपर्यंत हा पूर बघण्याची शक्यता चारात एक आहे, आणि तीही पाऊस पूर्वीसारखाच पडत राहिला तर. पण हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, हे हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं. जुन्या नोंदींवर आखलेली रेषा तिथेच राहील असं कोणी धरून चालू नये.

२२ जुलै, मंगळवार

आजचा दिवस. २०२१ च्या या दिवसा-रात्रीत आमच्या तालुक्यात कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड आली. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. डोंगराच्या पलीकडे महाडचं तळिये, जिथे ऐंशीहून अधिक माणसं गेली. २३ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

हा आकडा मी फळ्यावर लिहिला आणि कवठ्याच्या मुलाला विचारलं, माणमध्ये वर्षभरात किती पडतो? तो आकडे बघून गप्प झाला. वर्षाचा पाऊस एका दिवसात, त्याहूनही थोडा जास्तच. मग एका चौरस किलोमीटरचा हिशेब केला: ५९ कोटी ४४ लाख लिटर. पूर्व भागातल्या मुलांना टँकर ठाऊक असतो, म्हणून दहा हजार लिटरच्या टँकरनं भागलं. ५९,४४० टँकर, आणि तेही डोंगराच्या एवढ्याशा तुकड्यावर.

दरडीचे फोटो मी दाखवत नाही. वर्गात त्या खोऱ्यातली मुलं बसतात, आणि कोणाच्या घरी काय घडलं ते मला विचारायचं नाही. डोंगर का सुटतो, हे मात्र त्यांना कळलंच पाहिजे. आपला डोंगर थरांचा आहे. माथ्यावर जांभा, त्याखाली काळ्या कातळाचे थर, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा. जांभा पाणी आत घेतो. ते मुरत खाली येतं, घट्ट थराशी अडतं आणि कडेनं झरा होऊन बाहेर पडतं. याच झऱ्यांच्या आधारानं वाड्या वसल्या. तासन् तास न थांबता पाऊस कोसळतो तेव्हा पाणी बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा आत शिरण्याचा वेग जास्त होतो. कातळावरची माती आणि मुरूम फुगतात, जड होतात, आणि त्यांची खालची पकड सुटते. ज्या झऱ्यानं वाडी जगवली, त्याच पट्ट्याला धोका असतो.

म्हणून खुणा शिकायच्या. उतारावर नवी भेग. विजेचा खांब किंवा झाड कललेलं. दार अचानक चौकटीत अडकायला लागणं. झरा एकाएकी गढूळ होणं, बंद पडणं, किंवा नव्या जागी फुटणं. जोरची मुलगी हळूच म्हणाली, "झरा गढूळ झाला की आजी रात्रीची झोपत नाही." मी तिला म्हटलं, आजीला सगळ्यात महत्त्वाची खूण ठाऊक आहे. आता आजी एकटीच जागी राहू नये, एवढं आपण करायचं.

मालीणचंही सांगितलं. ३० जुलै २०१४. १५१ माणसं. गाव गाडलं गेलं हे बाहेर कळलं ते एस.टी.च्या चालकामुळे, नेहमीच्या जागी त्याला गावच दिसलं नाही. डोंगरात अशा दिवशी आधी वीज जाते, मग रेंज जाते, मग रस्ता जातो. इशारा मोबाइलवर येतो, आणि ज्यांना तो हवा असतो त्यांचा मोबाइल नेमका तेव्हा बंद असतो. जून महिन्यातला तो 'रेंज असेल तेव्हा'चा रकाना आज काढून दाखवला. जोरहून वाचन वेळेवर न आलेले दिवस आणि जोरला सगळ्यात जास्त पाऊस झालेले दिवस बहुतेक तेच होते. हे मुलांनी स्वतः शोधलं. वर्षभरात मी याहून मोठं काही शिकवू शकेन असं मला वाटत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

एका पालकांनी विचारलं, परीक्षेत याला मार्क किती? चांगल्या मनानं विचारलं. पुढच्या वर्षी दहावी आहे. मी त्यांना घात, शेकडेवारी, सरासरी, आलेख, नकाशावाचन, खडकांचे प्रकार हे सगळं वहीत दाखवलं. अभ्यासक्रमातलंच आहे. त्यांनी वही बराच वेळ चाळली आणि विचारलं, आमच्या बोअरची पातळी मोजता येईल का? येईल म्हटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. कोयना धरणाचे दरवाजे उघडले आहेत. वर्गाच्या मोबाइल गटावर सकाळपासून मुलांचे आकडे येत आहेत. जोरचा आकडा नाही.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी चढतंय. हा पूल १९२९ चा. त्याच्या खांबावरचे फुटांचे आकडे म्हणजे सगळ्या सांगलीची नाडी. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ ला पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला सत्तावन्नच्या वर. २०१९ च्या त्या पुरातच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि सुटकेच्या वाटेवरची माणसं बुडाली.

पसरणीच्या मुलाची आत्या सांगलीवाडीत राहते. त्यानं तिला फोन करून सांगितलं, आमच्याकडं अजून पावसाचा जोर आहे, वरचे आकडे वाढतायत, तुम्ही सामान माळ्यावर टाका. हवामान खात्याचा आणि जलसंपदा विभागाचा इशारा आत्याला मिळतच होता. तिनं सामान हलवलं ते भाच्यानं स्वतः मोजलेला पाऊस ऐकून. आपण नदीच्या वरच्या अंगाला राहतो, इथलं पाणी उद्या-परवा दुसऱ्याच्या दारात जाणार आहे, हे त्या मुलाला आज पुरतं उमगलं.

विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात आणि मुलं बावरतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या थोडं वर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस टँकर. एवढं कळलं की 'नदीपात्रात उतरू नका' या सूचनेचा अर्थ कळतो.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का, असं तिघांनी विचारलं. २०१९ च्या पुराचा दोष, त्याची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात अलमट्टीवर टाकला नाही. अतोनात पाऊस आणि नदीकाठची अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं. सांगली-कोल्हापुरात हे सगळ्यांना पटलेलं नाही, आणि धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करायला तिथला विरोध कायम आहे. दोन्ही बाजू मी मांडल्या. मला स्वतःला वाटतं, कर्नाटकाकडे बोट दाखवताना आपल्या गावातला ओढा कोणी बुजवला हेही विचारलं पाहिजे.

१३ सप्टेंबर, शनिवार

पूर्व भागाचा दिवस. मुलांनी आज्या-आजोबांकडून १९७२ चा दुष्काळ लिहून आणला. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडण्याची कामं, डोक्यावर घमेलं घेऊन पाझर तलावाचा बांध. कामावर पोरं झाडाखाली झोळीत. ज्यांनी हे सांगितलं त्यांतल्या बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांचं सांगणं आमच्या वहीत भूगोल म्हणून आलं. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना रुजवणारे वि. स. पागे याच मुलखातले, तासगावकडच्या विसापूरचे. संकटातून निघालेली व्यवस्था पुढे देशभर गेली.

अलीकडचं उदाहरण जवळच आहे. २०१६ मध्ये गावांच्या जलसंधारण स्पर्धेचा पहिला वॉटर कप कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं जिंकला, २०१८ मध्ये माणच्या टाकेवाडीनं. भर उन्हाळ्यात सगळ्या गावानं चर खणले. पण चर खणल्यावर पुढच्या वर्षी पाणी कोणी किती उपसायचं, उसाला किती आणि ज्वारीला किती, हे ठरवणं चर खणण्याहून अवघड असतं. कवठ्याच्या मुलानं ते बरोबर पकडलं. "बाई, श्रमदानाला सगळे येतात. मोटारीचा विषय काढला की उठून जातात." यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. वर्गात वाद रंगला, आणि रंगू दिला.

२९ सप्टेंबर, सोमवार

सीनेच्या पुरानं सोलापूर-धाराशिवकडची गावं पाण्यात आहेत. टँकरचा मुलूख पुरात. 'आमच्याकडं पूर येत नाही' असं म्हणणारी पूर्वेकडची मुलं आज बातमीचा कागद हातातून सोडत नव्हती.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाऊस अजून रेंगाळतोय. स्ट्रॉबेरीची लागण लांबली. रोपं तयार आहेत, पण बेडवर पाणी साचलं तर मुळं कुजतात. एका विद्यार्थिनीच्या घरी गेले तर ती रोपवाटिकेत पिवळी पानं खुडत होती. दिवाळी तोंडावर आहे आणि घरात पैसा यायला उशीर होणार. ती म्हणाली, "बाई, आमची वही लिहा पुढच्या नववीलाही. नायतर यंदाचं पुढच्या वर्षी कुणाला आठवणार नाही." लिहिणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पुराच्या रात्री कोणत्या दारी कोणती मदत लागेल, त्या दारांची यादी पूर्ण झाली. नदीकाठच्या आळीत मुलं घरोघर गेली: रात्री उठवावं लागलं तर कोणाला ऐकू येत नाही, कोणाला चालता येत नाही, कोण गरोदर आहे, कोणाला रोज इन्सुलिन लागतं, कोणाच्या घराला वरचा मजला आहे, कोणाकडे गाडी आहे. शेवटी जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक, १०७७.

ही यादी भिंतीवर लावायची नाही, हे आधीच ठरलं. एकटी राहणारी म्हातारी कोणत्या घरात आहे हे चोरालाही कळेल. प्रती दोनच, एक आशाताईंकडे, एक आळीतल्या मंडळाच्या अध्यक्षांकडे. दर मे महिन्यात ती नव्यानं करायची, कारण माणसं म्हातारी होतात आणि गाड्या विकल्या जातात. गणपतीची वर्गणी गोळा करायला जशी मुलं प्रत्येक दार ओळखतात, तशी ही दारं ओळखली गेली पाहिजेत.

६ डिसेंबर, शनिवार

वरच्या खोऱ्यात गेलो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांना बोलू द्या, अशी विनंती करायला. पोलीस पाटील, सरपंचबाई, आशाताई, चार-पाच म्हातारी माणसं. जोरच्या मुलीनं आपली वही उघडली. तिचं मागणं एकच: वरच्या वाडीत चांगलं पर्जन्यमापक बसवा, आणि रात्री किती मिलिमीटर झाला की वाडीनं शाळेत यायचं हा आकडा गावानं आधी ठरवा. भर पावसात वाद घालायला वेळ नसतो.

पोलीस पाटलांनी लगेच विचारलं, "रात्री दोनला उठून मोजायचं कुणी?" ती म्हणाली, दोन घरं आळीपाळीनं, आणि घरांची नावंही तिनं लिहून आणली होती. एक आजोबा म्हणाले, आकडा नको, झऱ्याचं पाणी बघा. सरपंचबाईंनी दोन्ही लिहून घेतलं: आकडा आणि झरा, यांतलं जे आधी होईल ते.

मग खरा अडसर निघाला. माणसं शाळेत येतील, जनावरं सोडून येणार नाहीत. २०२१ लाही दावणीला बांधलेल्या म्हशींपायी घरं सोडायला उशीर झाला, असं दोघांनी सांगितलं. यावर वहीत काही नव्हतं. परतीच्या गाडीत मुलांनी जानेवारीपर्यंतचं काम वाटून घेतलं: शाळेजवळची पक्क्या जमिनीची मोकळी जागा कोणाची आहे, मालक पावसाळ्यापुरती देईल का, तिथे किती दावणी बसतील, दोन दिवसांची वैरण कोणाच्या माळ्यावरून आणायची, आणि रात्री दावं सोडायला कोणत्या घरातून कोण जाणार.